तगराचं तेर कसं झालं? गावाच्या नावाचा माग काढताना

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. वारकरी मंडळींना ते गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक असतं. वडगाव म्हटलं की वड आठवतो, पिंपळनेर म्हटलं की पिंपळ. तेर म्हटल्यावर डोळ्यांपुढे काहीच येत नाही. आजच्या मराठीत या दोन अक्षरांना अर्थ नाही. तरीसुद्धा महाराष्ट्रातल्या ज्या थोड्या गावांच्या नावांचा माग पुराव्यानिशी जवळजवळ दोन हजार वर्षं मागे नेता येतो, त्यांत तेर आहे.

गावाच्या नावाबद्दल विचारताना आपण दोन प्रश्न एकात गुंडाळतो. हे नाव पूर्वी काय होतं, हा एक प्रश्न. त्याचा अर्थ काय, हा दुसरा. पहिला शिलालेखांनी, जुन्या कागदांनी आणि भाषेच्या सवयींनी सुटू शकतो. दुसरा फार थोड्या वेळा सुटतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बहुतेक कथा पहिला प्रश्न वगळून थेट दुसऱ्याचं उत्तर देतात; म्हणून त्या ऐकायला गोड लागतात आणि तपासायला घेतल्या की उभ्या राहत नाहीत. तेरच्या निमित्ताने हे काम कोणत्या क्रमाने करायचं ते पाहू.

व्यापाऱ्याच्या कानावर पडलेलं नाव

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबडा समुद्र, अरबस्तान आणि भारताचा पश्चिम किनारा इथल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. त्याचं स्वतःचं नाव टिकलं नाही. ग्रंथ 'पेरिप्लस' या नावाने ओळखला जातो. भरुच बंदराबद्दल लिहिताना तो देशावरच्या दोन मोठ्या पेठा सांगतो. भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर 'पैठाण', आणि पैठाणपासून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर', हे फार मोठं शहर. पैठाणहून अकीक जातीचे दगड आणि तगरहून जाडंभरडं कापड व मलमल, असा माल गाड्यांत भरून धड वाटा नसलेल्या मुलखातून भरुचला उतरतो, असं तो लिहितो.

असा साक्षीदार नावांच्या अभ्यासात फार मोलाचा असतो. त्याला संस्कृत येत नव्हतं, गावाचं माहात्म्य वाढवायचं नव्हतं, कोणत्या देवाशी नातं जोडायचं नव्हतं. त्याने जे कानावर पडलं ते आपल्या लिपीत उतरवलं. म्हणजे पहिल्या शतकात लोक त्या शहराला तगर किंवा त्याच्या अगदी जवळचं काहीतरी म्हणत होते, एवढं पक्कं धरता येतं.

पैठाण म्हणजे पैठण, यात वाद नव्हता. तगर कुठलं, यावर मात्र एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे बरेच तर्क चालले. विल्फर्डने देवगिरी सुचवलं, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, रा. गो. भांडारकरांनी धारूर. ही सगळी जुनी, नावाजलेली ठिकाणं. त्या काळी उपलब्ध माहितीवर केलेले हे तर्क होते. पण देवगिरी पैठणच्या उत्तरेला आहे आणि जुन्नर पश्चिमेला. पेरिप्लसची दिशा दोन्हींना लागू पडत नाही. धारूर दिशेने ठीक आहे, अंतराने मात्र जवळ पडतं, आणि तगरचं धारूर होण्याची कोणतीच वाट मराठीत दिसत नाही.

१९०१ साली शिलालेखांचे अभ्यासक जॉन फ्लीट यांनी तेरचं नाव पुढे केलं आणि ते टिकलं. अंतराचा हिशोब साधा आहे. भरुच ते पैठण सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर, पैठण ते तेर साधारण १५०. वीस दिवस आणि दहा दिवस यांचं प्रमाण जवळपास बसतं. दिशा आग्नेय आहे, नेमकी पूर्व नाही. पण किनाऱ्यावर बसून ऐकीव माहिती लिहिणाऱ्या माणसाकडून याहून काटेकोर दिशेची अपेक्षा करता येत नाही. पुढे तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या जागी, उत्खननं झाली आणि सातवाहन काळातल्या भरभराटीच्या शहराचे अवशेष हाती लागले. तिथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं इटलीतल्या पॉम्पेई शहरात मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं तेरचं वस्तुसंग्रहालय पाहिलं की या आडबाजूच्या गावाला समुद्रापलीकडची गिऱ्हाइकं होती, हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही.

पण अंतर आणि अवशेष यांवरून ठिकाण ठरतं. नाव जुळतं हे कशावरून?

पाढ्यातला 'दुणे'

इथे भाषेची एक सवय मदतीला येते. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना दोन स्वरांच्या मध्ये एकटं सापडलेलं क, ग, च, ज, त, द यांपैकी व्यंजन हळूहळू पुसट होतं आणि गळतं. सूचीची सुई झाली, च गेला. पादाचा पाय झाला, द गेला. राजाचा राय झाला, ज गेला. 'ग'चं उदाहरण आपण लहानपणी रोज घोकलेलं आहे: बे दुणे चार. हा दुणे म्हणजे द्विगुण; मधला ग कधीच गळून गेला.

आता हीच सवय 'नगर' या शब्दाला लावून पाहा. नगर, मग नयर, मग नेर. संगमनेर, पारनेर, जामनेर, अमळनेर, पिंपळनेर या नावांचं शेपूट असं बनलेलं आहे. काही जण ते 'नीर' म्हणजे पाणी या शब्दाशी जोडतात, आणि गावं नदीकाठी असल्यामुळे ते पटकन पटतंही. पण नीरचा दीर्घ ई बदलून ए व्हावा असं काही कारण नाही, उलट नगर ते नेर ही वाट पायरीपायरीने दाखवता येते. प्राकृत ग्रंथांत 'णयर' हे मधलं रूप सर्रास भेटतं.

नगरचं नेर होतं, तर तगरचं तेर होणारच. तगर, तयर, तेर. दोन्ही शब्दांत फरक फक्त पहिल्या अक्षराचा. उरलेला रस्ता तोच. फ्लीट यांच्या मांडणीचं बळ या समांतरपणात आहे. एका गावापुरता ओढूनताणून काढलेला नियम नाही, संगमनेरपासून बे दुणे चारपर्यंत सगळीकडे चालणारा नियम आहे.

मग अहमदनगरचं 'अहमदनेर' का झालं नाही? हा प्रश्न विचारणाऱ्याने विषयाच्या मर्मावर बोट ठेवलं असं मी म्हणेन. ते शहर पंधराव्या शतकाच्या शेवटी वसलं. तोवर मराठीतली ही गळती केव्हाच थांबली होती, आणि 'नगर' हा शब्द संस्कृतातून पुन्हा नव्याने घेऊन वापरला जात होता. म्हणून तिथे ग शाबूत राहिला. शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे, तिथेही तो शाबूतच आहे. त्याच जिल्ह्यातलं संगमनेर मात्र आपलं जुनेपण शेपटातच घेऊन उभं आहे. नावाच्या नुसत्या रूपावरून त्याच्या वयाचा अंदाज येतो तो असा. गाव आणि ग्राम यांचंही तेच: ग्रामचं गाव व्हायला शतकं लागली, आणि वर्ध्याजवळच्या शेगावचं १९४० साली सेवाग्राम झालं तेव्हा ग्राम हा शब्द ताजा, संस्कृतातून उचललेला होता.

तेरच्या बाबतीत मधल्या काळातल्या साक्षीही मिळतात. सातव्या शतकाच्या सुरुवातीला चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या ताम्रपटात तगरच्या एका रहिवाशाला दान दिल्याचा उल्लेख आहे. पुढे कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी म्हणवून घेत राहिले. त्यांची राजधानी तिथे नव्हती, पण मूळ घराणं तिथलं अशी त्यांची समजूत होती. आणि साधारण अकराव्या शतकात कनकामर नावाच्या जैन मुनींनी प्राकृतानंतरच्या अपभ्रंश भाषेत लिहिलेल्या 'करकंडचरिउ' या काव्यात धाराशिवच्या लेण्यांच्या परिसराचं वर्णन येतं, तिथे नगराचं नाव 'तेरापुर' असं आहे.

मला हा सगळा विषय आवडतो तो अशा जागांमुळे. शिलाहारांच्या संस्कृत ताम्रपटांत तगर, आणि त्याच सुमाराच्या अपभ्रंश काव्यात तेर. दोन्ही लेखन खरं. दरबारी लेखनिक जुनं, प्रतिष्ठेचं रूप जपत होता. लोकभाषेजवळचा कवी लोकांच्या तोंडचं रूप लिहीत होता. म्हणजे एखाद्या नावाचा 'जुना उल्लेख' सापडला की त्या वर्षी लोक तसंच बोलत होते असं मानून चालत नाही. लिहिणारा कोण आणि कोणत्या भाषेत लिहितोय, ते आधी पाहावं लागतं.

आता अर्थ. तगर नावाचं पांढऱ्या फुलांचं झाड आपल्या ओळखीचं आहे, आणि तगर हे सुगंधी मूळही संस्कृत ग्रंथांत येतं. व्यापारी शहर, सुगंधी द्रव्यांची पेठ, म्हणून तगर, ही कथा किती चटकन जुळून येते! पण शहराचं नाव या वनस्पतीवरून पडलं असं सांगणारा एकही लेख नाही. नाव संस्कृत-प्राकृताच्या आधीच्या एखाद्या बोलीतलं असेल, तर फुलाशी असलेलं साम्य निव्वळ योगायोगाचं ठरेल. तेरणा नदीवरून तेर पडलं असंही म्हणतात. तेही अडतं, कारण सर्वांत जुनी साक्ष 'तेर' अशी नाहीच, 'तगर' अशी आहे. नदीच्या नावात बदललेलं, नवं रूप आहे. तेव्हा तेर म्हणजे तगर इथवर पाय पक्का आहे, त्यापुढे नाही, आणि अभ्यासकाने तिथेच थांबायला हवं असं माझं ठाम मत आहे.

खांबावरचा गंधी

पैठणचं नाव याच रीतीने, पण अधिक सुखाने उलगडतं, कारण तिथे अर्थही हाती लागतो. कन्नड आणि चाळीसगावच्या मधल्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या एका खांबावर ब्राह्मी लिपीत कोरलं आहे की हा खांब पतिठाणच्या मितदेव नावाच्या गंध्याच्या घराण्याने दिला. इसवी सनापूर्वीचा हा लेख. अत्तरं आणि सुगंधी द्रव्यं विकणाऱ्या एका कुटुंबाने आपल्या गावाचं नाव दगडात लिहून ठेवलं, आणि ते आज आपल्याला पुरावा म्हणून उपयोगी पडतं आहे. संस्कृत प्रतिष्ठान, लेण्यातलं पतिठाण, पेरिप्लसमधलं पैठाण, आणि आजचं पैठण. प्रतिष्ठान ते पतिठाण या टप्प्यात जोडाक्षरं सोपी झाली. पतिठाण ते पैठाण या टप्प्यात मधला त गळला. नियम तोच. प्रतिष्ठान म्हणजे पक्की वसाहत, भक्कम ठाव.

यातला 'ठाण' हा तुकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो पुढे जागोजागी भेटतो. शिलाहारांच्या लेखांतलं श्रीस्थानक म्हणजे आजचं ठाणे. आणि प्रत्येक गावाच्या तलाठी दप्तरात असतं ते गावठाण, त्यातही तोच.

कऱ्हाडचा माग तर याहून लांब जातो. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत 'करहकट' नगराचा उल्लेख आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली ही गोष्ट. त्याच स्तूपावर 'नासिक' हेही नाव आहे, तिथल्या एका स्त्रीने दिलेल्या खांबावर. नाशिकची व्युत्पत्ती 'नव शिखरं' म्हणजे नऊ टेकड्या अशी सांगितली जाते. पण बावीसशे वर्षांपूर्वीच नाव स्वच्छ 'नासिक' असं लिहिलेलं असेल, पतंजलीच्या महाभाष्यातही 'नासिक्य' असं असेल, तर 'नवशिखर' त्यात कुठे बसवायचं? मधला व आणि शेवटचा र त्या काळापूर्वीच गायब झाले असं मानावं लागेल, आणि तसा कोणताही मागमूस नाही. शूर्पणखेच्या नाकाची कथा निदान शब्दाला धरून आहे. मात्र कथेवरून नाव पडलं की 'नासिक' या नावावरून कथा तिथे येऊन चिकटली, हे त्या दगडावर लिहिलेलं नाही. माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे. नाव आधी, गोष्ट मागाहून, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

मुघल अमदानीत नाशिकचं गुलशनाबाद झालं होतं आणि औरंगजेबाच्या काळात पुण्याचं मुहियाबाद. दोन्ही नावं फर्मानांत राहिली. लोकांच्या तोंडी रुळलेलं नाव मोडणं राजसत्तेलाही सोपं जात नाही.

'बों बाईया' ही कथा का टिकत नाही

मुंबईचं नाव पोर्तुगिजांनी 'चांगली खाडी' या अर्थाने ठेवलं, ही समजूत अजून शाळेच्या निबंधांत भेटते. ती तपासायला पोर्तुगीज भाषेचं थोडंसं व्याकरण पुरतं. त्या भाषेत खाडी हा शब्द स्त्रीलिंगी आहे. चांगली खाडी म्हणायची तर 'बोआ बाईया' म्हणावं लागेल. 'बों' हे पुल्लिंगी विशेषण तिथे लागत नाही. आपली मातृभाषा बोलणारे खलाशी 'चांगला खाडी' म्हणतील का?

दुसरा पुरावा मला याहून भक्कम वाटतो. पोर्तुगीज लोक मुंबईला 'बोंबाईं' लिहीत. शेवटी असा नाकातला 'ईं' लावणं ही त्यांची सवयच होती: वसईचं 'बसाईं', पणजीचं 'पांजीं'. वसई आणि पणजी या नावांत कोणी 'चांगली खाडी' शोधत नाही. स्थानिक नाव 'ई'ने संपलं की त्यांच्या लेखणीतून असा शेवट उतरायचा. म्हणजे 'बोंबाईं'च्या मागे 'ई'ने संपणारं एक देशी नाव उभं आहे, आणि ते मुंबई. शिवाय १५३४ मध्ये ही बेटं त्यांच्या ताब्यात येण्यापूर्वी, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला, बार्बोझा या पोर्तुगीज प्रवाशाने ठाण्याच्या नावाला जोडून 'मायांबू' असं लिहिलेलं आहे. त्यात 'म' ठळक आहे. सुरुवातीच्या म चा ब करणं ही परक्या जिभेची करामत.

मुंबादेवीवरून मुंबई, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. कोळ्यांची ही देवी. तिचं जुनं देऊळ बोरीबंदराच्या बाजूला होतं, ते अठराव्या शतकात हलवलं गेलं. पण मुंबा म्हणजे 'महाअंबा' असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, तिथे आपण पुन्हा पहिल्या प्रश्नावरून दुसऱ्यावर उडी मारतो. गावाचं नाव देवीवरून आलं एवढं सांगता येतं. देवीचं नाव कशावरून, हा वेगळा शोध आहे.

पुण्य की पूनक

पुण्याचं नाव 'पुण्य' या शब्दावरून, असं म्हणायला शब्दच आपल्याला भाग पाडतो. त्याला आधारही आहे: राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या ७५८ सालच्या ताम्रपटात 'पुण्यविषय' असा उल्लेख आहे. विषय म्हणजे त्या काळचा जिल्हा. पण त्याच राजाच्या ७६८ सालच्या, तळेगावला मिळालेल्या ताम्रपटात 'पूनकविषय' आहे. दहा वर्षांच्या अंतरात, एकाच राजाच्या दप्तरातून, दोन रूपं.

हा दुसरा ताम्रपट जरा जवळून पाहण्यासारखा आहे. दान दिलेल्या जमिनीची हद्द सांगताना त्यात शेजारची गावं येतात. थिउरग्राम, म्हणजे अष्टविनायकातलं थेऊर. आळंदिय, म्हणजे त्याच बाजूची आळंदी. दाडिमग्राम, म्हणजे डाळिंब. दाडिम या फळाचं डाळिंब झालं तसंच गावाचंही झालं. नदीचं नाव 'मुइला', आपली मुळा. साडेबाराशे वर्षांनंतर, आज सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या आसपास गेलं तर हीच नावं पाट्यांवर वाचायला मिळतात. राज्यं किती आली नि गेली, आणि गावकऱ्यांनी शेजारच्या गावाचं नाव घेणं काही सोडलं नाही.

मग पुण्य खरं की पूनक? ध्वनिनियमांनी हा वाद मिटत नाही, कारण दोन्हीपासून 'पुणे' होऊ शकतं. इथे वेगळी कसोटी लावावी लागते. पूनक या शब्दाला संस्कृतात धड अर्थ नाही. पुण्य या शब्दाला उत्तम अर्थ आहे. लोकांच्या तोंडी काहीतरी ओबडधोबड स्थानिक नाव असताना संस्कृत लिहिणारा लेखनिक त्याला घासूनपुसून 'पुण्य' करील, हे सहज शक्य आहे. याच्या उलट, 'पुण्य'सारखा सुंदर शब्द हाताशी असताना तो मोडून कोणी 'पूनक' कशाला करील? जे रूप कमी अर्थपूर्ण, ते बहुधा अधिक प्रामाणिक. म्हणून मी पूनकच्या बाजूने आहे. नद्यांच्या संगमामुळे पुण्यक्षेत्र, हा अर्थ नंतर बसवलेला वाटतो. जुन्या संस्कृत लेखांत गावाचं नाव फार छान दिसायला लागलं की थोडं सावध व्हावं, हे या उदाहरणावरून शिकण्यासारखं आहे.

शेपटापासून सुरुवात

आपल्या स्वतःच्या गावाच्या नावाकडे वळायचं तर शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करावी. डोकं फसवतं, शेपूट सहसा फसवत नाही, कारण ते शेकडो गावांना सारखंच असतं आणि ताडून पाहता येतं. गाव हे ग्रामचं रूप, वाडी हे वाटिकेचं, खेड हे खेटचं. डोंबिवली, बोरिवली, कांदिवलीतलं 'वली' हे पल्लीचं, म्हणजे वस्तीचं. 'ऊर' मात्र दोन बाजूंनी येऊ शकतं: कधी पुरचा प गळून, तर कधी कन्नडमधल्या 'ऊरु' म्हणजे गाव या शब्दातून. लातूरचं जुनं नाव लेखांत 'लत्तलूर' असं आहे, राष्ट्रकूट राजे स्वतःला तिथले स्वामी म्हणवीत. तेव्हा तिथे कन्नड 'ऊर' मानणं रास्त. महाराष्ट्राच्या दक्षिण भागातलं नाव संस्कृतातून सुटत नसेल तर कन्नड जाणणाऱ्याला जरूर विचारावं. आपल्याकडे ही गोष्ट कित्येकदा राहून जाते, आणि मग एखाद्या साध्या कन्नड शब्दासाठी पुराणातला ऋषी शोधून काढला जातो.

सगळ्यात शेवटी बुद्रुक आणि खुर्द. फारसीत बुजुर्ग म्हणजे थोर, मोठा. खुर्द म्हणजे लहान. एका नावाची दोन गावं झाली की दप्तरात मोठ्याला बुजुर्ग, धाकट्याला खुर्द लिहीत. मराठी तोंडात बुजुर्गचं बुद्रुक झालं. कोंढवा बुद्रुक, कोंढवा खुर्द. आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द. आता 'वडगाव बुद्रुक' हे नाव घ्या. वड हा संस्कृत वटचा, ट चा ड होऊन. गाव प्राकृताच्या वाटेने. बुद्रुक सुलतानी काळातल्या दप्तरातून. पाच-सात अक्षरांत तीन वेगवेगळे कालखंड एकमेकांवर बसलेले आहेत.

शेपूट वेगळं केलं की मग जुन्या नोंदी गोळा करायच्या, आणि त्या सालवार लावायच्या. इंग्रजी अमदानीत जिल्हावार गॅझेटियर निघाले, पुणे जिल्ह्याचे खंड १८८५चे. ते आता संगणकावर वाचायला मिळतात. त्यामागचा काळ मोडी कागदांत आहे: इनामाच्या सनदा, महजर म्हणजे गोतसभेचे निवाडे, गावच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या घरातली दप्तरं. त्यामागे ताम्रपट नि शिलालेख. वि. का. राजवाड्यांनी शंभर वर्षांपूर्वी गावांची नावं हे इतिहासाचं साधन म्हणून अभ्यासायला घेतली, तेव्हा त्यांच्या हाती यांतलं किती थोडं होतं!

कागदांइतकीच गरज आहे बोलीतला उच्चार टिपून घेण्याची. स्टेशनच्या पाटीवरचं नाव आणि बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावची म्हातारी माणसं घेतात ते नाव, यांत फरक असेल तर दुसरं आधी लिहून घ्यावं. पाटीवर 'कराड' असतं. 'कऱ्हाड' म्हणणाऱ्याच्या तोंडात करहकटमधला 'ह' अजून शिल्लक आहे. मराठी शिकलेल्या माणसाला शुद्ध करण्याची जी हौस असते, तिने असे कितीतरी पुरावे आपल्या हयातीत पुसले जात आहेत.

आणि शिवारातली नावं विसरू नयेत. शेतांना, ओढ्यांना, टेकाडांना गावकऱ्यांनी दिलेली नावं सातबाऱ्यावर गट नंबर आल्यापासून झपाट्याने मागे पडली. महसुली कागदांत 'बेचिराग' म्हणून नोंदलेली, उठून गेलेली गावं असतात. दिवा लावायलाही कोणी उरलं नाही अशी. त्यांच्या जागेला लोक रिठ किंवा पांढर म्हणतात, आणि त्या गावाचं नाव कित्येकदा फक्त तिथल्या शेताच्या नावात उरलेलं असतं. ती नावं ज्यांना ठाऊक आहेत ती माणसं सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून ती लिहून घ्यायला भाषाशास्त्र यावं लागत नाही. वही लागते, गावचा नकाशा लागतो, आणि ऐकू येईल तसं, दुरुस्त न करता लिहिण्याची शिस्त लागते.